माळावरचे दोन लिंब

भांडी विसळलेलं पाणी कळशीत गाळून बनाबाई माळाकडे निघाली. कळशीवर पदर होता. बहात्तरच्या दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात गढूळ पाणीसुद्धा झाकूनच न्यावं लागे.

तिचा तीन वर्षांचा बाबू तापानं फणफणून सोलापूरला दवाखान्यात पडला होता. नवरा तिकडेच होता. इथं तिच्या हातात होतं ते फक्त बाबूचं झाड.

नळदुर्गजवळच्या त्या गावात शांतम्मा सुईण बाळंतपणाचं लुगडं-चोळी घेत नसे. "मला रोप द्या," म्हणायची. "ह्या बोडक्या माळालाबी लेकरं होऊ द्या." रोप घरच्यांनी धाडायचं, लावायचं मात्र तिनं एकटीनं. असा अर्धा माळ हिरवा झाला होता. बायकांनी त्यात आपल्या पदरची भर घातली: झाड सुकलं की लेकरू सुकतं. शांतम्मा हसायची, पण ऐकतंय कोण?

बाबू आणि जाऊ विठाबाईचा श्रीपती एकाच आठवड्यात जन्मले. त्यांचे लिंब शेजारी शेजारी लागले, तेव्हा दोघी बाळंतिणी खाटेवर होत्या. सव्वा महिन्यानं बनाबाई आधी माळावर पोचली आणि दोन्हींतलं जोमदार रोप पाहून म्हणाली, "हे माझ्या बाबूचं." विचारायचं कुणाला आणि कशाला? आईला एवढं कळत नाही होय! उरलेलं विठाबाईचं झालं.

पुढं बांधावरून भांडण झालं आणि दोघींचं बोलणं तुटलं. विठाबाईही आपल्या लिंबाला चोरून पाणी घालत असावी, कारण त्याचं आळं रोज ओलं दिसे. मग दुष्काळी कामावर खडी फोडताना तिच्या पायावर दगड पडला. ती घरात अडकली आणि तिच्या लिंबानं मान टाकली.

बनाबाईनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. सगळं पाणी आपल्याच झाडाला ओतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या संध्याकाळी सोलापूरहून निरोप आला, बाबू डोळे उघडत नाही.

सकाळी ती माळावर आली. आपलं झाड तर टवटवीत होतं. शेजारचं पार वाकलं होतं. तिला श्रीपती आठवला, तिच्याच मांडीवर खेळलेला.

"भांडण आमचं. त्या लेकरानं काय घोडं मारलंय माझं?" ती पुटपुटली आणि अर्धी कळशी तिकडं रिकामी केली. मग रोजच अर्धी. विठाबाईला मात्र तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

त्या लिंबाला कोवळी पालवी फुटली त्याच सुमाराला एसटीतून नवरा उतरला. कडेवर बाबू होता, वाळलेला, पण भाकरी मागत होता. बनाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती रडली, हसली आणि रस्त्यातच फतकल मारून बसली.

दुसऱ्या दिवशी ती बाबूला आणि नारळ घेऊन माळावर गेली. शांतम्मा तिथं आळी खुरपत होती.

"आक्का, तुमच्या झाडानं राखलं बगा माझ्या लेकराला," बनाबाई म्हणाली आणि आपल्या जोमदार लिंबापुढं नारळ फोडायला बसली.

"अगं, तिथं कुठं बसलीस? ते श्रीपतीचं. म्या माझ्या हातानं लावलंय न्हवं," शांतम्मा म्हणाली. तिनं बाबूचं बोट धरलं आणि त्याला शेजारच्या, नुकत्याच सावरलेल्या लिंबाजवळ नेऊन उभं केलं.