चौथा नट

मालाडच्या आमच्या खोलीत भरदुपारी मी एका जुन्या लाकडी बॉक्समध्ये नवा स्पीकर बसवत होतो. तीन बोल्ट घट्ट बसले. चौथ्याचा नट आतल्या बाजूला लाकडातून सैल झाला होता. पाना फिरवला की बोल्टबरोबर तोही नुसता फिरायचा.

"आता आतून कोण धरणार, पप्पा?" अक्षता म्हणाली. "मागची फळी तर चिकटवलेली आहे ना?"

पूर्वी हे काम तिची आई करायची. सुगंधा मागून हात घालून नट धरायची आणि बोटाने लाकडावर वाजवायची. एकदा वाजवलं, की आवळ. दोनदा वाजवलं, की थांब, बोट अडकलंय.

तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. माझं रडायचं राहूनच गेलं होतं.

दुसरं काही सुचेना, म्हणून मी पाना फिरवत बसलो.

आतून एकदा टक् झालं.

नट फिरायचा थांबला. बोल्ट आत जायला लागला. घाबरायला हवं होतं, पण मला काहीच वाटलं नाही. हाताला फक्त पलीकडचा जोर जाणवत होता. ओळखीचा.

"झालं गं," सवयीने तोंडातून निघालं. "काढ हात."

टक्. टक्.

अक्षता भिंतीपर्यंत मागे सरकली. "पप्पा, आत कोणीतरी आहे. सोडा ना ते, प्लीज."

पाना उलटा फिरवला असता, तर ती सुटली असती.

मी आवळत राहिलो.