कुंपणाभोवतीची वाट

नागोरावची नोकरी गेली. पण ते आपण तूर्त बाजूला ठेवू आणि काहीच झालं नाही असं समजू. नागोरावही त्या शनिवारी तसंच समजून, इस्त्रीचा शर्ट घालून बेटेगावच्या माळावर कुंपणापाशी उभा होता.

कुंपण विद्यापीठाचं होतं. आत गवत होतं. आजूबाजूच्या माळावरचं गवत दिवाळीनंतर कापलं जाई, गंज्या लागत आणि ट्रक भरभरून मुंबईच्या तबेल्यांकडे जाई. मधल्या तुकड्याला मात्र कुणी हात लावायचा नाही. हात न लावलेल्या जमिनीत काय बदल होतो, हे विद्यापीठाला बघायचं होतं. बदल काही होत नव्हता. बकऱ्यांमुळे किंवा विळ्यामुळे तो होऊ नये म्हणून नागोराव दिवसभर कुंपणाभोवती फेऱ्या मारायचा.

नोकरी हंगामी होती. हंगाम त्याच्या पोरीच्या जन्माआधी सुरू झाला होता आणि पोरगी आता सातवीत होती.

विद्यापीठ मात्र फार मोठं. इतकं मोठं, की बोईसरच्या बाजारात त्याचं नाव काढलं तर भाजीवाली किडकी जुडी बदलून द्यायची. लोक नागोरावला ‘विद्यापीठवाले’ म्हणत. पोरांना कुठल्या लायनीला घालायचं ते विचारायला येत. पंधरा ऑगस्टला शाळेत त्याला पहिल्या रांगेत खुर्ची असे. कामावर खुर्ची नव्हती. विद्यापीठाचं म्हणणं, खुर्चीची सावली गवतावर पडते. नागोरावचीही पडायची, पण तिच्याबद्दल अजून कुणी काही बोललं नव्हतं.

सकाळी सुगंधा, त्याची बायको, भांडी पोत्यात भरत होती. तिच्या भावाने रंगाच्या कारखान्यात नागोरावसाठी जागा धरून ठेवली होती. राहायला पक्की खोली, बसायला स्टूल. अट एकच. आज पाचच्या भोंग्याआधी फाटकावर येऊन हो म्हणायचं.

“आज सर येणारेत,” नागोराव म्हणाला. “या वेळी कायम करतो म्हणालेत.”

“दर साली म्हणतेत.”

“असं कसं विद्यापीठ सोडायचं, सुगंधा?”

“सोडायला त्यांनी तुम्हाला धरलंय कुठं?” ती पोत्याचं तोंड आवळत म्हणाली.

तर, तो उभा होता. दुपार झाली, उतरली. शेजारच्या माळावर गवत कापणारा गोमा विळा मांडीवर टेकवून बांधावर बसला.

“नागोरावदादा, तुमचा शेठ नाय आला?”

“शेठ नाही रे. प्राध्यापक.”

“मंग बसून घ्या.”

नागोराव बसला नाही. शर्टाची इस्त्री मोडली असती. कारखाना सायकलवर अर्ध्या तासाचा होता. सायकल गोमाच्या गंजीला टेकलेली होती. त्याने तिच्याकडे दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहणार, तोच धूळ उडवत जीप आली.

डॉ. टिपणीस खाली उतरले. त्यांनी कुंपणातून आत पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

“नागोराव, आनंदाची बातमी आहे. समितीने कायम करायचं ठरवलंय.”

नागोराव वाकला आणि सरांच्या बुटांना हात लावला. तेवढ्यात तिकडे औद्योगिक वसाहतीत पाचचा भोंगा झाला. लांबलचक, एका दमात. नागोरावने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. इतक्या वर्षांत त्याला भोंगा पहिल्यांदाच गोड वाटला.

“पुढची तीस वर्षं,” सर म्हणाले.

“तीस? सर, तोवर मी तर...”

“तुम्ही नाही हो. गवत.”

गोमाने विळा हळूच खाली ठेवला.

सरांनी कुंपणाच्या कडेने बोट फिरवलं. तारेला लागून एक पाऊलभर रुंदीची वाट गेली होती. गुळगुळीत, टणक, काडीसुद्धा नाही.

“हे काय आहे?”

“माझी फेरीची वाट, सर.”

“एवढ्या वर्षांच्या अभ्यासात आम्हाला सापडलेला हा एकमेव बदल आहे. समितीने गांभीर्याने दखल घेतली. याला मानवी हस्तक्षेप म्हणतात, नागोराव. तो आजपासून बंद करायचाय.”

“म्हणजे मी?”

“व्यक्तिशः काही नाही,” सर म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. “काही म्हणणं असेल तर लिहून द्या. पुढच्या बैठकीत ठेवू.” आणि त्यांनी एक कागद आणि स्वतःचं पेन दिलं.

नागोरावने कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला. बॉनेट तापलेलं होतं. तो बराच वेळ लिहीत होता. लिहून झाल्यावर सरांनी पेन मागून घेतलं, कागद न वाचता घडी घालून खिशात टाकला आणि जीप मनोरच्या रस्त्याला लागली.

नागोराव त्या वाटेवरच बसला. इस्त्री मोडली.

“काय लिवलंत, दादा?” गोमाने विचारलं.

नागोराव मान खाली घालूनच, शाळेत कविता म्हणावी तसा, एका सुरात म्हणाला:

“महोदय, अर्जदार गेली अनेक वर्षे ऊन, वारा व पाऊस यांत याच ठिकाणी उभा आहे. त्याने खुर्ची मागितलेली नाही. आपल्यापैकी कोणीही त्यास कधी हात लावलेला नाही व त्याच्यात कोणताही बदल झालेला नाही. सबब, अर्जदारास सदर कुंपणाच्या आत, गवत या पदावर कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती.”