उरलेल्या लापशीचे पानगे

"हे फेकून द्यायचं ना?" अन्नपूर्णानं विचारलं.

रुखमाबाईनं पातेलं स्वतःकडे ओढून घेतलं. आतली ओटची लापशी गार होऊन घट्ट बसली होती. गुणवंतराव थोडीशी खाऊन सकाळीच लाकूड डेपोवर गेले होते.

"नाई जी बाई. राहू द्या. कामी येते."

अन्नपूर्णा आदल्या दिवशीच्या मोटारीनं नागपूरहून आलापल्लीला आली होती. गुणवंतराव, तिचा नवरा, इथे जंगलखात्यात रेंजर होते. मुलींच्या शाळेमुळे ती नागपुरात राहत असे. गुणवंतरावांच्या पोटात व्रण झाला, तेव्हा डॉक्टरांनी सकाळी ओटची लापशी घ्यायला सांगितली. डबे नागपूरहून येत. शिजवायला रुखमाबाई होती. ती विधवा होती आणि बंगल्याच्या मागच्या खोलीत राहायची.

तिच्या हातचं खाऊन गुणवंतराव सुधारले होते. इतके, की नागपूरला बदली मागण्याचा विषय निघाला की ते उठून जात. दिवाळीला घरी आले तेव्हा भर जेवणात त्यांनी रुखमाबाईच्या पानग्यांचं नाव काढलं होतं.

रुखमाबाई इथून गेली, तर जेवणाचे हाल होतील. हाल झाले, तर ते बदली मागतील. अन्नपूर्णा एवढं ठरवून आली होती. फक्त काहीतरी कारण मिळायला हवं होतं.

पत्रू नावाचा जंगलखात्याचा शिपाई पळसाची पानं घेऊन मागच्या दारात आला. पातेल्यात डोकावून म्हणाला, "उरली वाटते साहेबाची खळ. आमाले देत जाय ना बाई. इलेक्शनचे कागद चिपकवाले कामी येईन."

"तुह्या तोंडाले चिपकव," रुखमाबाई म्हणाली. "पानं ठेव अन् जाय."

"अन् पानगा?"

"काल खाल्ला तो जिरला का आधी?"

पत्रू हसत गेला. रुखमाबाईनं लापशी परातीत काढून हातानं मोडली. त्यात मावेल तेवढी कणीक घातली, किसलेला गूळ घातला, मीठ घातलं. पाण्याचा थेंब न घालता गोळा मळला. मग पळसाच्या पानावर एकेक चपटा पानगा थापून वर दुसरं पान झाकलं आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर राख पसरून ते त्यात पुरून ठेवले. हिरवी पानं चरचरली.

अन्नपूर्णा पाटावर बसून बघत होती. बघता बघता तिच्या लक्षात आलं, हवं होतं ते कारण हेच.

लग्नाच्या वर्षी तिनं एकदा सकाळची भाजी संध्याकाळी गरम करून वाढली होती. गुणवंतराव रागावले नाहीत. त्यांनी ताट फक्त पुढे सरकवलं आणि उठले. त्यानंतर तिनं दोन्ही वेळा ताजं रांधलं. उरलेलं सगळ्यांची जेवणं झाल्यावर, चुलीपाशी बसून तीच खायची. उरलेल्याचं काय होतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"यांना माहीत आहे हे?"

"काय जी?"

"पानगे सकाळच्या उरलेल्याचे असतात, ते."

रुखमाबाईचा हात राखेवर थांबला. "नाई. सायेब विचारत नाईत अन् मी सांगत नाई." मग राख सारखी करत ती म्हणाली, "एवढे महागाचे ओट जी. नाल्यात फेकाले हात होत नाई. सायबाले सांगू नोका, बाई. इथली जागा गेली तं मले दिराच्या दारी जा लागते. तिथी काय हाल होतात, मी पाह्यले हायेत."

"मी कशाला सांगू?" अन्नपूर्णा म्हणाली.

संध्याकाळी गुणवंतराव आले. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या. रुखमाबाईनं राखेतून काढलेले पानगे आणि तुपाची वाटी आणून ठेवली. त्यांनी करपलेलं पान सोलून काढलं. आतल्या लालसर पानग्यावर पानाच्या शिरा उमटल्या होत्या. त्यांनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला.

"घे ना तू," ते म्हणाले.

"मला नको."

"गरम आहे तोवर मजा आहे. रुखमाबाई, आज गूळ बरोबर पडला बरं."

"हो जी," रुखमाबाई म्हणाली. तिनं अन्नपूर्णाकडे एकदा पाहिलं आणि चहा आणायला आत गेली.

अन्नपूर्णानं वाक्य दुपारीच जुळवून ठेवलं होतं.

"यात काय असतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

गुणवंतराव तिसऱ्या पानग्याचं पान सोलत होते.

"सकाळची लापशी. तुमची उरलेली. शिळं खाऊ घालते ती तुम्हाला, रोज. आणि वर ताजं म्हणून वाढते. तुमच्या पोटाचं दुखणं माहीत असून. अशा बाईला घरात ठेवायचं?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी पानगा ताटलीत ठेवला. अन्नपूर्णा ताटलीकडे बघत राहिली. ताटली आता पुढे सरकेल. ते उठतील. रुखमाबाईला बोलावतील.

आत कपबशा वाजल्या. गुणवंतरावांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तूप लागलेली बोटं रुमालाला पुसली. मग खुर्ची ओढून ते बायकोच्या अगदी जवळ सरकले. इतक्या हलक्या आवाजात ते तिच्याशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

"हळू बोल," ते म्हणाले. "मला माहीत आहे, हे तिला माहीत नाही."