सिव्हर्टचं विरजण

तीन खोक्यांपुढे गुनव्होर अर्धा तास उभी होती. एकात नुसती झाकणाची प्लास्टिकची बादली आणि नळी. दुसऱ्यात स्टीलचं भांडं, तोटी, थर्मामीटर. तिसऱ्यातल्या यंत्राला इतकी बटणं, की तिनं मोजणं अर्ध्यावरच सोडलं. घरी बीअर होताना तिनं लहानपणापासून पाहिलं होतं, पण स्वतःच्या हातानं कधी केली नव्हती.

"पहिल्यांदाच करतेयस ना? मग बादली घे," दुकानदार हाल्दोर म्हणाला. साठीचा, ढेरपोट्या, बोलघेवडा माणूस. "त्या बटणवाल्या यंत्रानं बीअर काही सुधारत नाही, घरात भांडणं तेवढी होतात."

"मला एकदाच करायचीय. चुकून चालणार नाही."

"अगं, पहिली सगळ्यांचीच चुकते."

यावर तिला एकदम रडूच कोसळलं. नॉर्वेत, त्यातून बेर्गन शहरात, परक्या माणसासमोर कुणी रडत नाही. हाल्दोर बिचारा खोकी सारखी करत राहिला.

तिचा बाप व्हॉसच्या शुश्रूषागृहात शेवटचे दिवस मोजत होता. डॉक्टर म्हणाले होते, दोन आठवडे, फार तर तीन. रविवारी म्हाताऱ्यानं तिचा हात धरून एकच गोष्ट मागितली होती: घरची बीअर, एक पेला. मळा विकला तेव्हा तांब्याचा हंडा गेला, लाकडी पिंपं गेली. राहिलं होतं फक्त कडं. लाकडाच्या चकत्या ओवून केलेलं, मागच्या बीअरचं यीस्ट वाळून करडं झालेलं. पणजीच्याही आधीपासून तेच विरजण घरात चालत आलं होतं. ते कोमट काढ्यात सोडलं की तीन दिवसांत बीअर तयार.

"वडिलांसाठी हवीय. ते फार आजारी आहेत," एवढंच ती कसंबसं बोलली.

हाल्दोरची थट्टा तिथेच थांबली. त्यानं मधलं खोकं बांधून दिलं आणि वर जंतुनाशकाचा डबा ठेवला. "एकच लक्षात ठेव. भांडी, चमचे, नळ्या, बीअरला जे जे म्हणून शिवेल ते ते या पाण्यात बुडवायचं. दहातली नऊ कामं धुण्याचीच असतात बघ."

सगळ्या बोलण्यातलं एवढं मात्र तिला नीट कळलं. दातांच्या डॉक्टरकडे अवजारं निर्जंतुक करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती.

बुधवारी तिनं सुट्टी काढली. जवाचा गोड काढा केला, गाळला, थर्मामीटर धरून कोमट होईपर्यंत राखण केली. एकही चूक नाही. मग कडं घ्यायला वळली, तर कापडाची घडी रिकामी. कडं चमच्यांबरोबर टबात होतं. तिनंच टाकलं होतं, सवयीनं, सकाळीच. पांढरंशुभ्र झालं होतं आणि त्याला दवाखान्याचा वास येत होता.

आता असं विरजण कुणाकडे मागावं? शेजारच्या मळ्यांवर केव्हाच पाकिटातलं यीस्ट आलं होतं. तेवढ्यात शुश्रूषागृहातून फोन. नर्सनं म्हाताऱ्याच्या हाती दिला.

"घातलंस का गं विरजण?"

"घातलं, बाबा."

"फसफसतंय?"

"मस्त फसफसतंय," गुनव्होर म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःची किळस आली.

गुरुवारी दुकान उघडायच्या आधी ती दारात हजर होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिनं कडं काउंटरवर आपटलं.

"तूच म्हणालास ना, शिवेल ते सगळं बुडव!"

हाल्दोरनं कडं उचललं, नाकाशी नेलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे... हे बुडवलंस तू? अगं, मला विचारायचंस तरी!"

"तू सांगायचंस तरी!" तिचा आवाज फाटला. "दीडशे वर्षं टिकलं, आणि मी एका सकाळीत मारलं. कुठलंही पाकीट दे. मी सांगेन त्यांना, आपलंच आहे." मग तिचं तिलाच ते पटेना. "नाही. पहिल्या घोटाला ओळखतील. मरताना कळेल त्यांना, पोरीनं काय केलं ते."

"कुणाचं होतं हे?"

"बाबांचं. सिव्हर्ट ब्रेक्के. व्हॉसच्या वरचा मळा."

कडं खाली ठेवून हाल्दोर तडक आत निघून गेला. आपलं तोंडही याला बघवत नाही, असंच गुनव्होरला वाटलं. ती जायला वळली. आत फ्रिजचं दार वाजलं.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात मुरंब्याची एक बरणी होती. तळाशी मळकट पिवळा साका. वर चिकटवलेल्या कागदावर शाई फिकट झालेली, पण बापाचं नाव वाचता येत होतं. गुनव्होरनं ते दोनदा वाचलं.

"तो हे घेऊन दुकानात आला त्याला एकोणीस वर्षं झाली," हाल्दोर म्हणाला. "दर उन्हाळ्यात यातून एकदा बीअर करतो, ताजं राहावं म्हणून."

"बाबांनी तुला दिलं होतं हे?"

"मलाही तसंच वाटलं. आभार मानायला लागलो, तर म्हातारा खेकसला माझ्यावर. म्हणाला, 'देतोय कुठे? ठेवतोय तुझ्याकडे. आमच्या घरात एक ना एक दिवस कुणाच्या तरी हातून हे मरणारच. जो कुणी न्यायला येईल, त्याला रागावू नकोस.'"