डाव्या पायाचे ठोके

व्हायरलचा ताप आम्हा दोघी बहिणींना एकदमच आला. धाकटी चार दिवसांत टुणकन उठली. माझ्या डाव्या पायात मात्र रक्ताची गुठळी झाली आणि तो गार पडला, तो पडलाच.

आता माझ्या शिलाईच्या पायमशीनवर ती बसते. माझीच गिऱ्हाइकं म्हणतात, "हिच्या हाताला काय सफाई आहे!" भिंतीपलीकडची खडखड ऐकत मी पडल्या पडल्या जळत असते.

नर्सबाई रोज सकाळी घरी येऊन घोट्यावर ठोके ऐकवणारं यंत्र टेकवून नाडी शोधतात. महिनाभर नुसतीच खरखर.

आज ठोके आले.

"अहो, रक्त फिरायला लागलं की!" नर्सबाई हरखल्या.

मी कान दिला. पलीकडे मशीन धावलं की ठोके धावत होते. धाकटी दोरा ओवायला थांबली की तेही थांबत होते. माझी बोटं गुलाबी होत चालली.

मग मशीन बंद पडलं. ठोके मात्र चालूच राहिले.

"ताई," भिंतीपलीकडून धाकटीचा आवाज आला, "माझा डावा पाय गार पडलाय गं. उचलवतच नाहीये. नर्सबाईंना पाठव ना!"

"कुणी हाक मारली का?" नर्सबाईंनी विचारलं.

"छे," मी म्हटलं. "या यंत्राचा आवाज जरा वाढवा ना."