आतली मूठ

कोठीच्या दाराच्या दोन्ही प्लास्टिकच्या मुठींना काकूंनी जुन्या पितळेचं रूप दिलं. आधी काळपट रंग, मग खाचांत स्पंजने हिरवट झाक. बाहेरच्या मुठीवर, हात पडतो तिथे, सोनेरी रंग चोळून झिजल्याची चमक आणली. आतली मात्र काळीच ठेवली. कोठीत कोंडून घेऊन तिला हात लावणार कोण? काम मनासारखं झालं, म्हणून स्वारी खुशीत होती.

सकाळी काका कोठीतून ओरडले, "अगं, कमाल केलीस! आतली मूठ तर झकासच. कुणीतरी वर्षानुवर्षं आतून फिरवत असावं, अशी झिजलीय."

"पुरे थट्टा," म्हणत काकू हसतच आत गेल्या. मूठ लखलखत होती. चमकेत बोटांच्या खोलगट खुणा होत्या.

काकूंनी सहज हात ठेवला. बोटं चपखल बसली. लहानपणी मोडलेली, वाकडी करंगळीसुद्धा.