समोरचं सगळं दिसतं

पाणी टेबलभर पसरलं तसे आरोग्यमंत्री शिपायावर खेकसले, "ग्लास इथे कोणी ठेवला?"

ग्लास मघापासून तिथेच होता, त्यांच्या कोपराशी. समोर बसलेल्या डॉक्टरणीने ते पाहिलं होतं.

"तर काय म्हणत होतो," सचिवांनी बोलणं पुढे रेटलं, "मागणी रास्त आहे. पण यंदा नको. पुढच्या वर्षी बघू."

हे उत्तर तिला पाठ होतं. मागणीही साधीच होती. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांचा दाब जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासला जावा. काचबिंदू दुखत नाही की खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. वेळीच थेंब सुरू झाले तर उरलेलं वाचतं. एवढ्यासाठी तिने डोळ्यांचे डॉक्टर, चष्मेवाले, अंधांची संघटना अशा एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांची मोट बांधली होती.

मंत्री उठले. बैठक संपली. दाराकडे वळताना ते बाजूच्या खुर्चीला धडकले आणि कसनुसं हसले. "या खोलीत सामानच फार झालंय."

आप्पांनी डॉक्टरणीचा दंड दाबला. आप्पा अंधांच्या संघटनेचे अध्यक्ष. त्यांचे दोन्ही डोळे ऐन उमेदीत काचबिंदूनेच गेलेले. ते तिच्या कानाशी पुटपुटले, "बाई, हा माणूस आमच्या वाटेवर आहे. आधी ग्लास, आता खुर्ची. ऐकू येतं मला."

"हळू बोला, आप्पा."

"हळू कशाला? खाली पत्रकार थांबलेत. आरोग्यमंत्र्यालाच दिसत नाही, एवढं एक वाक्य टाका. झक मारत मंजूर करतील."

आप्पांचं म्हणणं खरं होतं. असंच झालं असतं. ती झटकन उठली.

"साहेब, दोन मिनिटं. तुमच्या एकट्याशी बोलायचंय. मागणीबद्दल नाही."

आतल्या छोट्या खोलीत तिने त्यांना समोर बसवलं. "एक डोळा तळव्याने झाका. माझ्या नाकाकडे बघत राहा. बाजूने बोट आणते, दिसलं की सांगा."

"हे काय नवीन?" म्हणत त्यांनी डोळा झाकला.

तिने हात लांब केला आणि बोट हलवत हलवत आत आणायला लागली. कोपर वाकलं. बोट खांद्यापाशी आलं.

"सुरू करा की," मंत्री म्हणाले. "मला पुढची बैठक आहे."

ती बोट हलवतच राहिली. बोट तिच्या कानाच्या पाळीला टेकायला आलं, तेव्हा ते दचकले. "हां, दिसलं." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "केव्हापासून हलवत होतात?"

"पहिल्यापासून."

दुसरा डोळा त्यांनी न सांगता झाकला. तोही तसाच निघाला.

"मी रोज फायली वाचतो," ते चिडून म्हणाले. "एक अक्षर चुकत नाही. समोरचं सगळं दिसतं मला."

"समोरचं शेवटी जातं, साहेब. काचबिंदू असावा. दाब मोजायला हवा, आजच. गेलं ते येणार नाही, पण उरलंय ते राखता येईल."

ते उठून खिडकीपाशी गेले. मग त्यांचा आवाज बदलला. त्यात बाजारातला सूर आला.

"तुमची मागणी मंजूर झाली असं समजा. फक्त ही गोष्ट या दाराबाहेर जाता कामा नये."

नुसती मान हलवायची होती. इतकी वर्षं जिच्यासाठी जोडे झिजवले, ती मंजुरी हाताशी आली होती.

"तुम्ही नामंजूर केलीत तरी जाणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही आता माझे पेशंट आहात. पेशंटशी सौदा करत नाही मी. संध्याकाळी दवाखान्यात या."

बाहेर आप्पा काठी घेऊन उभेच होते. "काय म्हणाले? मंजूर?"

"नाही."

"मग आता तरी सांगा पत्रकारांना!"

"सांगण्यासारखं काही नाही, आप्पा."

"तुमच्याकडे नसेल. माझ्याकडे आहे." आप्पा वळले आणि काठी टेकत जिन्याकडे निघाले. ती मागून धावली. तेवढ्यात मंत्रीही सचिवांसोबत तिथे पोचले. लिफ्ट बंद होती, जिना अंधारा. खालून पत्रकारांची गडबड ऐकू येत होती. आप्पांनी मान वर केली. आता हे बोलणार, म्हणून ती त्यांना अडवायला पुढे झाली.

"साहेब, थांबा," आप्पा म्हणाले. "पुढे पायरी आहे."

मंत्र्यांनी गर्रकन वळून डॉक्टरणीकडे पाहिलं. "तुम्ही यांना—"

"बाई काही बोलल्या नाहीत," आप्पा आवाज खाली आणत म्हणाले. "तुमची पावलं बोलतात. पाय चाचपून टाकता तुम्ही. मीही असाच चालायचो. बायको म्हणायची, तुमचं लक्ष कुठे असतं?"

"दाखवलं नाहीत कोणाला?"

"दाखवायचं असतं, हेच कोणी सांगितलं नव्हतं."

सचिव नुसतेच एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते. मंत्री त्यांना म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. पत्रकारांना सांगा, तपासणी यंदाच सुरू करतोय."

"पण साहेब, पुढच्या वर्षी—"

"यंदाच. जा."

सचिवांची पावलं खाली पोचेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी आप्पांना विचारलं,

"कठडा कुठल्या बाजूला आहे?"